दम कोणाला लागला

दादाने दोन्ही स्पीकर जुन्या चादरींत गुंडाळून आणले होते आणि ते खाली ठेवल्यावर काही वेळ तो त्यांच्याकडे नुसता बघत उभा राहिला. त्याच्या जुन्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरची एक बाजू बंद पडली होती आणि दुसऱ्या बाजूने घरघर येत होती. दुरुस्तीला वेळ लागणार होता, तोवर हे स्पीकर माझ्या ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरवर वाजवून पाहू, असे आमचे फोनवर ठरले होते. ट्यूब म्हणजे ट्रान्झिस्टर येण्यापूर्वीच्या, तापल्यावरच काम करणाऱ्या काचेच्या नळ्या; त्या मी आधीच तापवून ठेवल्या होत्या. तारा जोडल्या, खुर्च्या सरकवल्या आणि आधी एका गायिकेचे जुने ध्वनिमुद्रण लावले. आवाज असा लागला, की दादाने डोळे मिटले. श्वास घेण्यापूर्वी ती क्षणभर थांबत होती, ती जागासुद्धा ऐकू येत होती. शब्द संपल्यावर उरणारी आस भिंतीपर्यंत जाऊन विरत होती. मग त्याने स्वतःहून पियानो आणि वाद्यवृंदाचे त्याचे आवडते ध्वनिमुद्रण काढले. पियानोवादकाचा डावा हात खालच्या सप्तकात उतरला आणि इतका वेळ भिंतींपलीकडे पसरल्यासारखी वाटणारी ती जागा एकाएकी आक्रसली. काही चरचरले नाही, काही फाटले नाही. सूर फक्त जाड झाले, एकमेकांना चिकटले, आणि ज्या ठिकाणी संगीताने छाती काढून उभे राहायचे तिथे ते खांदे पाडून उभे राहिले. माझ्या आधी दादानेच हात पुढे करून आवाज कमी केला आणि अगदी सहज म्हणाला, "याला दम लागतोय रे."

त्या एका वाक्याने मला पुढचे तीन आठवडे स्वस्थ बसू दिले नाही.

दादा रागाने बोलला नव्हता. आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावे तशा हळुवार स्वरात तो बोलला होता आणि म्हणूनच ते अधिक लागले. हा अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे सहा वर्षे आहे. त्याच्यावर मी इतके संगीत ऐकले आहे, की त्याच्या तापण्याचा वासही मला ओळखीचा झाला आहे. मराठीत दम हा शब्द दोन्ही अंगांनी येतो. एखाद्यात दम असतो आणि एखाद्याला दम लागतो, आणि पुष्कळदा तो एकच माणूस असतो. चढ बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. दादा गेल्यावर मी बराच वेळ त्या वाक्यातल्या "याला" या शब्दापाशी अडलो होतो. याला म्हणजे कोणाला? माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला, त्याच्या स्पीकरना, की दोघांना एकत्र आणण्याच्या माझ्या घाईला?

हे स्पीकर माझ्या लहानपणाचे आहेत. दादाने ते नोकरीच्या पहिल्या वर्षात घेतले, तेव्हा मी शाळेत होतो. त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरवर निळसर उजेडात हलणाऱ्या दोन सुया होत्या आणि त्याच्या बटणांना हात लावायची मला परवानगी नव्हती. तो बाहेर गेला, की मी स्पीकरची कापडी जाळी काढून वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या भागाच्या, शंकूसारख्या कोनावर चार बोटे अलगद दाबत असे. कोन आत जाई, पण बोटे काढल्यावर झटकन परत येत नसे. कोणी आतून सावकाश श्वास सोडावा तसा तो हळूहळू पूर्वजागी येई. त्या वेळी मला ती जादू वाटली होती. पुढे कळले, की ती पेटी सगळीकडून बंद होती आणि आत कोंडलेली हवाच कोनाची स्प्रिंग झाली होती. एडगर विलचर यांनी १९५४ मध्ये अ‍ॅकॉस्टिक रिसर्चच्या एआर-१ या स्पीकरात हीच कल्पना वापरली आणि कपाटाएवढ्या पेटीतून येणारा खर्ज पुस्तकांच्या फडताळावर मावेल एवढ्या पेटीतून काढून दाखवला. मात्र त्याची किंमत वॅटांत मोजावी लागली. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक पोलादी नियम स्पीकर बनवणारे आजही पाळतात, कारण तो मोडता येत नाही: खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या वॅटांत मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोनच एका वेळी मिळतात. दादाच्या स्पीकरनी पहिल्या दोन निवडल्या होत्या. तिसरीची भरपाई त्याचा ६० वॅटांचा अ‍ॅम्प्लिफायर इतकी वर्षे मुकाट्याने करत आला होता.

ट्यूबचा जमाना याच्या नेमका उलट्या बाजूने चालला होता. एकेक वॅट मिळवायला मोठा ट्रान्सफॉर्मर, शेकडो व्होल्ट आणि ढीगभर उष्णता खर्ची पडत असे, म्हणून वाचवायचे ते वॅट आणि मोठी करायची ती पेटी. पॉल क्लिप्श यांचा १९४६ चा क्लिप्शहॉर्न हा स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात बसतो आणि दोन्ही भिंतींना आपल्या भोंग्याचा पुढचा भाग करून घेतो. त्याची संवेदनशीलता १०५ डेसिबलच्या आसपास सांगितली जाते, म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर इतका आवाज. दादाचे स्पीकर ८५ डेसिबलचे आहेत. हे दोन आकडे शेजारी ठेवले तर वीसच पावलांचा फरक वाटतो, पण दर १० डेसिबलला दसपट वीज लागते, म्हणून २० डेसिबल म्हणजे शंभरपट. क्लिप्शहॉर्नला जिथे १ वॅट पुरतो, तिथे दादाच्या स्पीकरना १०० लागतात. याहून मन खिन्न करणारा एक हिशेब आहे. ज्या स्पीकरची संवेदनशीलता ९२ डेसिबल आहे, तो मिळालेल्या विजेपैकी जेमतेम १ टक्का आवाजात बदलतो. ८५ डेसिबलला ते प्रमाण हजारात दोनवर येते. बाकी सगळी वीज व्हॉइस कॉइल, म्हणजे कोन हलवणारे तारेचे वेटोळे, तापवण्यात जाते. माझा अ‍ॅम्प्लिफायर जे जिवाच्या आकांताने देत होता, त्यातले हजारातले दोनच भाग आमच्या कानांपर्यंत पोचत होते.

माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये प्रत्येक बाजूला एकच ३००बी ट्यूब आहे. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३० च्या दशकात काढलेला हा ट्रायोड, म्हणजे तीन इलेक्ट्रोडची ट्यूब, चित्रपटगृहांच्या कामाचा होता, आणि अशाच मोजक्या वॅटांवर, अवाढव्य भोंग्यांच्या जोरावर, त्या काळी प्रेक्षागृहे भरत असत. तिचे फिलामेंट ५ व्होल्टवर १.२ अ‍ॅम्पियर घेते, म्हणजे नुसती प्रज्वलित राहण्यासाठी ती ६ वॅट खाते. तिच्या प्लेटवर साडेतीनशे व्होल्ट आणि ६० मिलिअ‍ॅम्पियर असतात, म्हणजे आणखी २१ वॅट, मग संगीत वाजत असो वा नसो. एवढे सगळे करून हाती येतात ७ वॅट. हिशेबाच्या वहीत हा व्यवहार बुडीतच दिसेल. पण ज्याने एखादा मानवी आवाज, एखादे व्हायोलिन या ट्यूबमधून शांतपणे ऐकले आहे, त्याला ही उधळपट्टी वाटत नाही. सगळा सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच ट्यूबमधून जातो; त्याचे दोन तुकडे करून पुन्हा जोडावे लागत नाहीत. ती जी थोडीफार विकृती घालते, ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ सुराच्या बरोबर वरच्या सप्तकातला तोच सूर. कानाला तो परका वाटत नाही.

दादाच्या वाक्याने जी जुनी जखम उघडी पडली, तीही सांगायला हवी. हा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, तेव्हा माझ्याकडे छातीएवढ्या उंचीचे, प्रत्येकी दोन वूफर असलेले स्पीकर होते. त्यांच्या माहितीपत्रकावर ९१ डेसिबल असे छापले होते आणि मी त्या आकड्यावर विसंबलो. त्या आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरांत २.८३ व्होल्ट असे लिहिले होते, ते मी वाचले होते, पण समजून घेतले नव्हते. ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप. स्पीकर ८ ओहमचा असेल तर २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट होतो. स्पीकर ४ ओहमचा असेल तर तेवढेच व्होल्ट २ वॅट ओढतात. माझे स्पीकर ४ ओहमचे होते, म्हणजे १ वॅटला खरी संवेदनशीलता ८८ डेसिबल होती. ज्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये १०० वॅट आहेत, त्याला या ३ डेसिबलने काही फरक पडत नाही. ज्याच्याकडे ७ आहेत, त्याचे निम्मे भांडवल तिथेच जाते. खर्ज फुगलेला येई, डबल बासच्या चारही तारा एकाच सुरात लावल्यासारख्या घुमत. मी कितीतरी महिने ट्यूबना दोष दिला. या कारखान्याच्या ट्यूब काढून त्या कारखान्याच्या बसवल्या, तारा बदलल्या, खाली दगडी फरशी ठेवली, आणि प्रत्येक बदलानंतर दोन दिवस स्वतःची समजूत घातली, की आता बरे वाटते आहे.

बरे वाटत नव्हते.

त्यातून शिकलो तेच पुढे उपयोगी पडले, आणि ते असे, की किती वॅट हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा प्रश्न स्पीकर काय मागतो हा आहे. ८ ओहम असे मागच्या पट्टीवर छापलेला स्पीकर फार थोड्या ठिकाणी ८ ओहमचा असतो. त्याचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सुरागणिक बदलतो, कुठे डोंगर तर कुठे दरी. बहुतेक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरना याची फिकीर नसते, कारण त्यांचा स्वतःचा आतला अडथळा, म्हणजे आउटपुट इम्पिडन्स, एका ओहमच्या लहानशा अंशाइतका असतो; समोर डोंगर असो वा दरी, ते सारखेच व्होल्ट देत राहतात. फीडबॅक, म्हणजे बाहेर पडणारा सूर परत आत आणून चूक सुधारण्याची युक्ती, न वापरणाऱ्या माझ्या ट्रायोडचे तसे नाही. मी तो मोजला होता. आधी ८ ओहमचा जाड रेझिस्टर लावून १ व्होल्ट येईल इतका आवाज ठेवला, मग आवाज न हलवता १६ ओहमचा लावला, तेव्हा व्होल्टमीटर १.१४ च्या जवळ गेला. त्यावरून आउटपुट इम्पिडन्स सुमारे अडीच ओहम निघतो. दोन रेझिस्टर घेतले, कारण ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरची टोके मोकळी ठेवून त्याला वाजवणे धोक्याचे असते. भार नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतके चढू शकते, की आतले इन्सुलेशन जळते. अडीच ओहम ऐकायला किरकोळ वाटतात. पण हे अडीच ओहम स्पीकरच्या रांगेत कायमचे उभे असतात आणि प्रत्येक सुरातून आपला वाटा कापून घेतात.

दादा गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी त्याच्या डाव्या स्पीकरचा नकाशा काढायला बसलो. पद्धत साधी आहे. एका लहान ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमधून १० व्होल्टचा शुद्ध सूर काढायचा, त्याच्या वाटेत १००० ओहमचा रेझिस्टर घालायचा आणि स्पीकरच्या दोन टोकांवर किती मिलिव्होल्ट दिसतात ते लिहून घ्यायचे. १० मिलिव्होल्टला साधारण १ ओहम धरायचा. खोलीत अगदी बारीक आवाजात, माशी गुणगुणावी तसा, एकेक सूर वाजत होता, आणि मी आलेखाच्या कागदावर एकेक टिंब देत होतो. २० हर्ट्झपाशी ७ ओहम. ४० ला १३. मग टिंबे झपाट्याने चढू लागली आणि ५८ हर्ट्झपाशी ३० ओहमचा सुळका झाला. पेटीतल्या हवेसकट वूफरची स्वतःची लय तिथे होती. लहानपणी बोटांखाली जो सावकाश श्वास जाणवत असे, तो आता कागदावर डोंगरासारखा उभा होता. त्या डोंगरापलीकडे टिंबे तितक्याच वेगाने खाली आली आणि १५० हर्ट्झच्या आसपास जेमतेम ४ वर येऊन टेकली. वर क्रॉसओव्हरच्या, म्हणजे खालचे आणि वरचे सूर वेगवेगळ्या कोनांकडे वाटून देणाऱ्या मंडलाच्या, जागी पुन्हा एक टेकडी होती. आठाची रेघ मी पेन्सिलने आडवी ओढली होती. वक्र तिला चार ठिकाणी छेदून गेला, पण तिच्यावर कुठेही थांबला नाही.

मग पुढचा हिशेब करायला पाच मिनिटेही लागली नाहीत. ३० ओहमपाशी माझा अ‍ॅम्प्लिफायर आपल्या व्होल्टेजपैकी ९२ टक्के स्पीकरला देतो. ४ ओहमपाशी तोच ६२ टक्केच देऊ शकतो. हा फरक साडेतीन डेसिबलचा होतो. म्हणजे ५८ हर्ट्झजवळचे सूर नको तितके पुढे येतात आणि १५० हर्ट्झजवळचे मागे पडतात, जणू कोणी टोन कंट्रोलची बटणे वेडीवाकडी फिरवून ठेवली आहेत. पियानोचा डावा हात नेमका याच प्रदेशात वावरतो. मधल्या षड्जाखालचे पहिले सप्तक १३१ हर्ट्झपाशी सुरू होते आणि त्याखालचे ६५ पाशी. दादाच्या आवडत्या ध्वनिमुद्रणात त्या जागी पियानोवादक दोन्ही सप्तके एकदम दाबतो. त्यातला एक सूर डोंगरावर पडत होता आणि दुसरा दरीत. शिवाय दरीत ट्यूबलाही भार चुकीचा मिळतो. माझा ट्रान्सफॉर्मर ८ ओहमच्या स्पीकरला ट्यूबसमोर ३००० ओहमचा करून उभा करतो. स्पीकर ४ वर आला, की ट्यूबला १५०० च दिसतात, तिची ताकद घटते आणि विकृती वाढते. सर्वांत जास्त जोर लागणार, त्याच ठिकाणी तिच्या पायांखालची पायरी निसटत होती.

वॅटांचा हिशेब मी त्याच कागदाच्या मागे मांडला. ८५ डेसिबलचा स्पीकर आणि ७ वॅट यांतून १ मीटरवर साडेत्र्याण्णव डेसिबल मिळतात. दोन स्पीकर धरून ३ मिळवायचे आणि आम्ही बसलो होतो त्या ३ मीटरच्या अंतरासाठी, भिंतींची मदत गृहीत धरून, सहाएक वजा करायचे. उरतात सुमारे ९०. आता, आम्ही त्या दिवशी ऐकत होतो तो सर्वसाधारण आवाज ७८ च्या पुढे नसेल, बोलताना थोडा आवाज चढवावा लागेल इतकाच. पण पियानो हे आघाताचे वाद्य आहे. हातोडी तारेवर पडते त्या क्षणाची उसळी सर्वसाधारण पातळीच्या १५ ते १८ डेसिबल वर जाऊ शकते. म्हणजे ९६ हवे होते आणि छत ९० वर होते. ६ डेसिबल कमी पडले. तेवढ्यासाठी चौपट वॅट, म्हणजे तीसएक तरी, हवे होते. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर छताला आदळला, की कर्कश आवाज करतो आणि ऐकणारा दचकतो. ट्रायोड तसे करत नाही. तो उसळीची टोके हळूच गोल करत जातो. यालाच लोक ट्यूबचा मवाळपणा म्हणतात, आणि तो खरोखरच मवाळ असतो, पण त्यामुळे संकट लपून राहते. दादाच्या कानांनी ते बरोबर पकडले होते. त्याला डेसिबल ठाऊक नव्हते, पण आघाताला टोक नाही आणि टोक नसलेला आघात थकल्यासारखा वाटतो, हे त्याने एका शब्दात सांगितले होते.

याच संदर्भात लोक हमखास म्हणतात, की मग ७० वॅटांचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. पण दसपट वॅट मिळाले तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो, आणि सातांत जे आहे ते सत्तरांत येईलच असे नाही. माझ्या मते पैसा आणि जागा खर्च करायचीच असेल तर ती स्पीकरवर करावी. मात्र नुसत्या संवेदनशीलतेच्या आकड्यामागे धावणाऱ्यांशीही माझे जमत नाही. ९६ डेसिबलचा स्पीकर आणला, आणि त्याचा इम्पिडन्स ३ ओहमपर्यंत कोसळत असेल, क्रॉसओव्हर गुंतागुंतीचा असेल, तर छोट्या ट्यूबला तो ओझेच वाटतो. याउलट बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी तयार केलेला एलएस३/५ए हा स्पीकर पाहा. त्याची संवेदनशीलता ८३ च्या आसपास, म्हणजे दादाच्या स्पीकरहूनही कमी. पण मूळचा इम्पिडन्स १५ ओहमचा. थोड्या अधिक वॅटांच्या ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरवर, जवळ बसून, मानवी आवाज ऐकायचा असेल तर ती जोडी अशी जमते, की संवेदनशीलतेचा आकडा आठवतही नाही. मला विचाराल तर मी आधी इम्पिडन्सचा वक्र मागेन. तो कुठेही ६ च्या खाली जात नसेल आणि फार उड्या मारत नसेल, तर मग संवेदनशीलता विचारीन, आणि खोली केवढी आहे, ऐकणारा किती लांब बसतो, हेही विचारीन. वॅट शेवटी.

माझे सध्याचे स्पीकर याच वाटेने आले. प्रत्येक पेटीत आठ इंचांचा एकच कागदी कोन आहे, मधोमध लहान पांढरी शंकूसारखी टोपी, मागे मोठे चुंबक, आणि क्रॉसओव्हर अजिबात नाही. संवेदनशीलता ९५ डेसिबल. इतक्या जोरकस चुंबकाचा कोन चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकला, तर तो इतका घट्ट धरून ठेवलेला असतो, की खर्ज कोरडा आणि अर्धवट वाटतो. माझ्या ट्यूबच्या त्याच अडीच ओहमांमुळे ती पकड थोडी सैल होते आणि खर्जाला अंग येते. जो दोष त्या उंच स्पीकरांबरोबर असह्य होता, तोच इथे गरजेचा ठरतो. इतकी वर्षे ऐकूनही मला याचे अप्रूप वाटते. अर्थात या स्पीकरचेही काही सोसावे लागते. गायिकेने वरच्या पट्टीत स आणि श ताणले, की कानात बारीक टोचते; ऑर्गनचे सर्वांत खालचे सूर येतच नाहीत, त्यांची नुसती चाहूल लागते. पण समोर माणूस उभा राहून गातो आहे असे जे वाटते, त्यासाठी मी हे दोन्ही सोसतो.

दुसऱ्या आठवड्यात मी दादाच्या स्पीकरच्या तारा ८ ओहमच्या टोकांवरून काढून ४ ओहमच्या टोकांवर लावल्या. मागच्या बाजूला तीन स्क्रू असतात, त्यातला एक सैल करायचा आणि दुसरा आवळायचा, एवढेच काम. त्याने ट्यूबचा आउटपुट इम्पिडन्स स्पीकरला निम्मा दिसतो, साडेतीन डेसिबलचा चढउतार दोनवर येतो आणि दरीतही ट्यूबला हवा तेवढा भार मिळतो. कमाल व्होल्टेज थोडे घटते, ते मी पत्करले. मग स्पीकर भिंतीपासून पुढे घेतले आणि खुर्ची दीड मीटरवर ओढली. निम्म्या अंतराने तीनएक डेसिबल हाती आले, म्हणजे ट्यूब न बदलता वॅट दुप्पट झाल्यासारखे. पियानो लावला. डावा हात खाली उतरला आणि या वेळी सप्तके वेगळी राहिली. खालचा सूर कोणता आणि वरचा कोणता हे सांगता येत होते. मी खूश झालो, आणि लगेच लक्षात आले, की मी आवाजाचे बटण नकळत दोन खुणा मागे ठेवले आहे. ते पुढे नेले तेव्हा खांदे पुन्हा पडले. पूर्वीपेक्षा उशिरा पडले, पण पडले. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. जे शक्य होते ते केले होते, आणि ते पुरेसे नव्हते, आणि त्यात ट्यूबची काही चूक नव्हती आणि स्पीकरचीही नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात दादाचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त होऊन आला. आतले कपॅसिटर सुकले होते आणि रिलेचे संपर्क काळवंडले होते. दादा तो माझ्याकडेच घेऊन आला, कारण स्पीकर इथे होते. मी माझ्या तारा काढल्या, त्याच्या लावल्या. बटण दाबल्यावर क्षणभराने रिलेची टक्कन टिचकी ऐकू आली आणि त्या निळसर उजेडात दोन्ही सुया डावीकडे टेकून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनी मला पुन्हा जमिनीवर बसावेसे वाटले, आणि मी बसलो. पियानोची ती जागा आली तेव्हा आम्ही दोघेही स्पीकरकडे बघत नव्हतो, सुयांकडे बघत होतो. उजवी सुई ४० वॅटांच्या खुणेपर्यंत उडाली आणि परत आली. आणि सुई तर आळशी असते, खऱ्या उसळीच्या ती मागेच राहते. खोली आक्रसली नाही. आघाताला टोक होते. जमिनीतून पोटऱ्यांपर्यंत काहीतरी आले आणि ओसरले, अगदी लहानपणी येत असे तसेच. दादा काहीच बोलला नाही. त्याने फक्त मान हलवली, आणि मला आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या खाली कुठेतरी, बाजूच्या टेबलावर थंड पडलेल्या माझ्या ट्यूबकडे नजर गेल्यावर, एक बारीक कळही आली.

मग मी त्याला चादरीखाली ठेवलेला आलेखाचा कागद दाखवला. डोंगर दाखवला, दरी दाखवली, मागचा हिशेब दाखवला. त्याने चष्मा लावून तो नीट पाहिला, डोंगराच्या टोकावर बोट ठेवले आणि म्हणाला, "म्हणजे तू लहानपणी जाळी काढून दाबायचास, ते हेच का?" त्याला ते माहीत होते हे मला त्या दिवशी कळले. कागदाची घडी घालून त्याने तो खिशात ठेवला आणि पहिल्या दिवशीची ती गायिका पुन्हा लावायला सांगितली. ती गात असताना आम्ही पुन्हा सुयांकडे पाहिले. वरच्या सुरांवरसुद्धा त्या १ वॅटची खूण ओलांडत नव्हत्या; बहुतेक वेळ डावीकडच्या खुंटीपाशीच नुसत्या थरथरत होत्या. सगळा आवाज, तो श्वास, ती आस, एका वॅटाच्या आत मावली होती. सगळे जागच्या जागी होते, पण पहिल्या दिवशी तिच्या शब्दाशब्दामध्ये जी हवा होती, ती आज जरा कमी वाटत होती, की ते मलाच वाटत होते, हे मला ठरवता येईना. दादाने गाणे मध्येच थांबवले.

"तुझा तापायला किती वेळ लागतो?" त्याने विचारले.

"अर्धा तास तरी, दादा."

"मग लाव," तो म्हणाला, आणि उठून त्याने स्वतःच स्पीकरच्या मागच्या तारा सोडवायला घेतल्या.